पेटीबाहेर

नियम साधा आहे, भिंतीवर चिकटवलाय:
पेटीत दोरा नाही, धातू नाही, मणी नाही.
दमयंती केणीच्या मुलीचं वजन एक किलो चाळीस ग्रॅम,
मनगट माझ्या करंगळीहून बारीक.
तिची आजी विटाव्याहून चालत येते
कळव्याच्या या वॉर्डापर्यंत, रोज दुपारी,
रुमालात मनगट्या. काळे मणी, मधे एक बजरबट्टू.
"नुसता टेकवून तरी काढ गो बाय."
मी नाही म्हणते.
म्हणताना तिच्याकडे बघत नाही.

यॉर्कला नोकरीला होते तेव्हा, एका सुट्टीला
गारठा चुकवायला संग्रहालयात शिरले.
काचेमागे एक अस्वल होतं, काळं, चिंचोक्याहून थोडं मोठं,
पोटाला आरपार भोक, दोरा ओवायला.
जेट म्हणतात त्या दगडाला. विमानाशी संबंध नाही.
दगडही नाही तसा, झाडाचं खोड,
चिखलात किती युगं दाबून धरलेलं.
हातात घेतलं तर गार लागत नाही म्हणे,
लोकरीवर घासलं की वाळकी काडी ओढून घेतं.
रोमन काळातल्या आया बांधायच्या.
खाली पाटी होती: तान्ह्या मुलाच्या थडग्यातून.

ती पाटी मी दोनदा वाचली.
म्हणजे लागू पडलं नव्हतं.
तरी कुणी ते सोडून घेतलं नाही,
धाकट्याला होईल म्हणून ठेवलं नाही.
तसंच बांधलेलं खाली जाऊ दिलं.
खरा अंधार तर आता सुरू होणार होता,
आणि अस्वलाला तो ओळखीचा होता.

काल रात्री तीनला मॉनिटर ओरडला.
पाठ चोळली दोन बोटांनी, तळव्याला टिचकी मारली.
श्वास आला,
उशिरा, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा.

तिथं राखणदार काचेत होता, मूल नव्हतं.
इथं मूल काचेत.

पेटीच्या पायांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.
आजी बाकावर मनगट्या विसरून गेली होती.
विसरून म्हणजे ठेवून.
मणी प्लॅस्टिकचे. बजरबट्टू खरा,
कुठल्याशा ताडाचं बी, झाडच तेही.
स्पिरिटनं पुसल्या, मागच्या चाकाच्या वर
झाडूवालीला दिसणार नाहीत अशा बांधल्या, दुहेरी गाठीनं.

सकाळी नोंदवहीत लिहिलं:
श्वास नियमित. दूध दोन मिली, नळीतून, पचलं.
अंगावरील दागिने: निरंक.