शकुन, चावी घे

एकतीस मेले मी घरी बसतो, शकुन.
म्हणून आज ही चावी.
अकरा वर्षं तू या मशीनमागं खराटा घेऊन चालली,
आता वर बस.

थांब. आधी खालीच.

आधी मैदान पायानं पाहायचं असते.
संक्रांतीचा मांजा मले मे महिन्यातही सापडते,
खिळे, पाइपाचे तुकडे, पोट्टे खेळून गेले का बॉलचं अर्धं बूड.
संत्र्याची सालं राहू दे, ती कोणाचं काही करत नाही.
पण गोटा उचल.
पात्याखालून सुटलेला गोटा
प्राचार्यांच्या गाडीची काच फोडते.
हे पुस्तकातलं नाही, माझ्या पगारातलं आहे.

लाकडी पेटीत आलं होतं हे.
सीट वेगळी, चाकं वेगळी, बॅटरी कोरडी,
पुस्तक इंग्रजीत अन् वाचणारे साहेब सुट्टीवर.
चार दिवस मी चित्रंच पाहत बसलो.
लाल वायर आधी, काळी मागून,
काढताना काळी आधी: एवढं चित्रावरून समजलं.
ऑइल पाहायचं सपाट जागी,
पट्टी एकदा पुसून, मग दुसऱ्यांदा खरी.
दोन्ही बाजूच्या चाकात हवा सारखी,
नाही तर गवत न्हाव्यानं घाईत केलेल्या कटिंगसारखं दिसते.
उन्हाळ्यात पातं उंच ठेवजो, चांगलं तीन बोटं.
शेहेचाळीस डिग्रीत मुंडण केलं तर मुळं भाजतात, बाप्पा.

पेट्रोल थंड इंजिनातच.
चपलेनं नाही, बुटानं.
माझे तुले मोठे होतात,
अर्ज कर ऑफिसात. तीनदा कर.
पदर खोच. नीट खोच.

आता सीट.
वजन उठलं का मशीन बंद पडते.
नागपुरात अशी दुसरी खुर्ची दाखव मले,
माणूस उठला हे जिले कळते.
दुधराम चापले वैतागला होता तिच्यावर,
वायर जोडून टाकली खालून, म्हणे दर वेळी कोण चालू करते.
ओलं गवत अडकलं, उतरला,
पातं फिरतच होतं.
गेटजवळच्या पानठेल्यावर बसते तो आता,
डाव्या हातानं चुना लावते.
विचारलं का म्हणते, तीन बोटं गवतात हरपली,
जशी काही चिल्लर होती.

त्याच सांजेले मी ती वायर तोडली.
कोणी किती शहाणपण सांगितलं तरी
तू जोडू नोको.

पॅव्हेलियनच्या उतारावर सरळ वर, सरळ खाली,
आडवं कधीच नाही.
ओल्यात नाही. सकाळी दव सुकू दे,
ऊन टाळूवर यायच्या आत मात्र उरकजो.
पोट्टं दिसलं का पातं बंद, मग बोलणं.
अन् मागं पाहिल्याबिगर
रिव्हर्स घ्यायचा नाही.

मी दर वेळी पाहायचो.
मागं तूच असायची, शकुन,
खराटा, टोपलं, डोक्याले बांधलेला दुपट्टा.
अकरा वर्षांत एकदाही
पाहायचं राहिलं नाही, एवढं मात्र
माझ्या सर्व्हिस बुकात कोणी लिहिलं नाही.
आता तुह्या मागं कोणाले ठेवतात का नाही, माहीत नाही.
तरी पाहजो.

बस.
क्लच दाब. ब्रेक. मग चावी.
थरथरते थोडं, भेव नोको,
बैलही जू ठेवताना अंग हलवते.

अन् एक राहिलं.
साइटस्क्रीनच्या मागं टिटवीची चार अंडी आहेत,
गोट्यासारखीच दिसतात, म्हणून आधी पायानं पाय म्हटलं.
तेवढा तुकडा सोड.
साहेबानं विचारलं, तिथलं गवत काऊन वाढलं,
तर सांगजो, तिथं मशीन बंद पडते.
खोटं नाही ते.
तू उठून पाहाले गेली का
पडतेच.