रूमटोन

चकाल्याच्या तळघरात
तांडेलकाकांचा ट्रॅक साफ करतोय.
खोकला काढला, खुर्चीची करकर काढली,
खिडकीखालचा भंगारवालाही.
काढलं की भोक पडतं.
कोरी शांतता कानाला टोचते,
तिथे त्याच खोलीतली भरावी लागते.

दीड तासात धड अशी एकच सापडली:
"तेव्हा क्रेनखाली कोण होतं?"
यानंतरची. अकरा सेकंद.
नुसता पंखा.
मग, "पुढचं विचारा."

तीच कापून सगळीकडे पेरली.
आता काका माझगाव गोदीतल्या कँटीनबद्दल बोलतात,
बोनसबद्दल, मुलीच्या साखरपुड्याबद्दल,
आणि प्रत्येक खोकल्याच्या जागी
थोडं थोडं ते न सांगितलेलं.
कुणाला कळणार नाही.

मूळ जागी अर्धा सेकंद ठेवलाय.
लांब गॅप नकोत, म्हणालेत.