नियम क्रमांक सात

साहेब चहा पिता पिता म्हणाले, पोरांत उत्साह नाही,
टेबल सजावटीची स्पर्धा घ्या एखादी,
आणि बशी खाली ठेवून अडकलेल्या कंटेनरवर बोलायला लागले.
म्हणून आस्थापना विभागानं, म्हणजे मी एकटीनं,
परिपत्रक टाईप केलं.

एक, खर्च माणशी दोनशेच्या वर नको.
दोन, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
तीन, देवाचा फोटो चालेल, उदबत्ती नको, खाली सूत आहे.
चार, पाच, सहा असंच काहीबाही.
सात टाईप केलं आणि अक्कलकोट रोडची लाईट गेली.
आली तेव्हा घाईत तसंच छापलं,
सात, आणि पुढं कोरी जागा.

मग आठवडाभर दुसरं कुणी काही विचारेना.
मॅडम, सातवा काय?
हत्तुरे म्हणाला, तो साहेबांच्या मनात असणार, निकालादिवशी कळेल.
तबस्सुमला वाटलं, शाई संपली.
मीही सांगितलं नाही. मजा वाटायला लागली होती.

शनिवारी ऑफिस ओळखू येईना.
हत्तुरेनं गड्ड्यातनं आणलेला खेळण्यातला पाळणा
फायलींच्या मधोमध उभा केला, बॅटरीवर गरगरणारा.
पाळण्यात बसले स्टेपलर, गोंदाची बाटली, रबरी शिक्के,
‘पेड’चा शिक्का सगळ्यात वर, जीव मुठीत धरून.
डिस्पॅचच्या इराण्णानं टेबलाला चादर नेसवली, निऱ्या काढून.
टेबल बिचारं संकोचलेलं दिसत होतं.
तबस्सुम बागवाननं काहीच आणलं नाही,
नुसता खण उपसला सहा वर्षांचा:
शेंगाचटणीची पुडी, दगड झालेली,
एकाच पायातलं पैंजण,
पाणी येण्याच्या तारखा लिहिलेली चिठ्ठी, वार खोडून खोडून,
स्वतःच्या लग्नाची उरलेली एक पत्रिका.
सगळं काचेखाली मांडून म्हणाली, झालं.

आणि बोद्दुल मामा.
डिझाईन संगणकावर गेल्यापासून
मामांकडं नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तेवढी उरलेली.
त्यांनी सायकलवरून पोतं आणलं.
पोत्यात जकार्डचे जुने पुठ्ठे, भोकाभोकांचे, दोरीत ओवलेले.
खिडकीपासून खुर्चीपर्यंत टांगले, खिळा न ठोकता.
साडेतीनला साहेब फेरीवर आले,
म्हणाले, धूळ फार आहे हो याला,
आणि पाळण्याकडं वळले.

चार वाजता ऊन आलं.
सोलापूरचं ऊन, त्याला परिपत्रक लागत नाही.
भोकाभोकातनं गळालं,
टेबलावर, टॉवेलांच्या गठ्ठ्यावर,
माझ्या हातातल्या गुणांच्या कागदावर,
ठिपकेच ठिपके.
मामा बोट फिरवत वाचायला लागले,
हा मोराचा गळा. इथनं पिसारा. थांबा, वाऱ्यानं हललं.
ओठांत पुटपुट, ओकटी, रेंडू, मूडू.
भोक असलं की धागा वर येतो, म्हणाले.
आणि नसलं तर?
तर खाली बसतो गप. त्यालाबी काम असतंय.

पहिला नंबर पाळण्याला.
बक्षीस टॉवेलचा सेट, आपलाच,
जर्मनीहून परत आलेल्या मालातला.
हत्तुरेनं तो इराण्णाला दिला, इराण्णानं टेबलाला पांघरला.

सोमवारी उतरवाउतरव.
पाळण्याची बॅटरी संपली, ‘पेड’ वरच लटकून राहिला,
दुपारपर्यंत एकही बिल निघालं नाही.
मामा पुठ्ठे शेवटाकडून गुंडाळत होते.
नाहीतर पुढच्या खेपेला मोर उलटा चालतो, म्हणाले.
पुढची खेप कुठली, ते मी विचारलं नाही.

परिपत्रकाची प्रत फाईलला लावायला घेतली.
सातच्या पुढं पेन टेकवलं, उचललं,
आणि पंच मशीन दाबलं.
भोक नेमकं सातवर पडलं.
मामांना नेऊन दाखवलं.
त्यांनी कागद खिडकीकडं धरला, एक डोळा मिटला,
म्हणाले, बरोबर आहे.