सुर्ल्याला जायचं ठरतंय

लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला
मी यादी करते आहे.
माणसं सात, रात्री दोन,
गाडी तौसीफच्या मित्राची, डिझेल आपलं.
शुक्रवारी जुम्मा आटोपला की निघायचं.
वास्कोची धूळ फोंड्यापर्यंत पुरेल,
साखळीनंतर झाडं सुरू होतात.

तीन फोन झाले.
पहिला म्हणाला, सगळं मिळतं मॅडम,
आणि सगळं म्हणजे काय ते सांगताना
चोरीस आणि उर्राक एका दमात बोलून गेला.
दुसऱ्याने विचारलं, हलाल म्हणजे शाकाहारीच ना?
मी हो म्हणणार होते. सोपं होतं ते.
ऑफिसच्या पार्ट्यांत, मैत्रिणींच्या लग्नांत
किती वर्षं मी शाकाहारी होऊन जेवले आहे.

तिसरा फोन सत्यवती गावस यांना.
मागे पाट्यावर काहीतरी वाटलं जात होतं.
त्या म्हणाल्या, मला ठाऊक नाही गो बाय,
तू सांग, मी लिहून घेते.
आणि मीच अडखळले.
जे आमच्या घरात कुणी कुणाला समजावत नाही
ते फोनवर सांगायचं म्हणजे
आपलीच चूल खिडकीबाहेरून बघायची.
कापताना अल्लाचं नाव घ्यायचं, म्हटलं.
रक्त वाहून जाऊ द्यायचं.
डुकराच्या कढईत आमचं काही नको.
तिकडून शिसपेन्सिलीची खरखर.
"कढई नवीन घेते, जुनीला तसंही भोक पडायला आलंय.
कोंबडी वाळपईच्या सादिककडची आणवते,
आमचा पोरगा रोज बाइकवर जातो तिकडे.
हिरव्या पडद्याचं दुकान, तोच ना तुमचा?"
तोच असावा.
मी पाहिलेला नाही.

"आणि मासळी? ती तरी चालते ना, कुणाच्याही हातची?"
चालते. पण अब्बा नको म्हणतात.
सव्वीस वर्षं खारीवाड्याची मासळी बर्फात घालून
चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला नेली त्यांनी.
डोंगरात मासळीचा वास आला की
त्यांना वाटतं, अजून माल उतरवायचाय.

मुलांना शेकोटीवर भाजायला
ते पांढरे गुबगुबीत गोळे हवेत.
पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं मी टॉर्च लावून वाचली.
जिलेटिन. कशाचं, ते लिहिलेलं नाही.
खोडलं. तिथं रताळी लिहिली.
इरमने आधी रताळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
समोरच्या पार्टीच्या वकिलासारखं.

राहिला किब्ला.
तिथं मोबाइल चालत नाही म्हणतात,
सत्यवतीबाईंचा फोनही अजून तारेचाच.
विचारलं, पश्चिम कुठल्या खोलीतून येते?
त्या रिसीव्हर ठेवून बघायला गेल्या,
बराच वेळ नुसता पाटा ऐकू येत राहिला.
तेवढ्यात पेपरमागून अब्बा:
"बेळगावहून रिकामा ट्रक परत आणताना
ज्या बाजूचं ऊन डोळ्यांत खुपतं ती.
तिथून किंचित उजवीकडे."

एवढ्या वेळा त्या घाटातून गेलेला माणूस
एकदाही तिथं झोपला नाही.
डबा केबिनमध्ये, नमाज रिकाम्या पोत्यावर.
हॉटेलं होती की. पण विचारायचं कुणाला,
आणि विचारेपर्यंत बर्फ थांबतो थोडाच.

यादी टेबलावर ठेवून झोपले.
सकाळी खाली एक ओळ वाढलेली,
डिलिव्हरीच्या चलनावर असायचं
तेच आडवंतिडवं अक्षर:
केरीनंतर सातवं वळण. पाच मिनिटं थांबणे.
चहा घरचाच नेणे.

मी सत्यवतीबाईंना पुन्हा फोन लावला.
नाही, बदल काही नाही, माणसं सातच,
पोचायला थोडा उशीर होईल, एवढंच.