वरील ओळ पुन्हा ३१२ वेळा

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
रात्री तीनला डिस्क भरली.
कशानं भरली म्हणून पाहावं
तर डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्यानंच भरली होती,
दर तीस सेकंदांनी लिहून लिहून
की डिस्क ठीक आहे.
डिस्क ठीक आहे.
डिस्क ठीक आहे.
शेवटची ओळ अर्धीच राहिली: डिस्क ठी

बारापात्रे झोपेतून फोनवर म्हणाला,
उडवून दे ना बाप्पा सगळं,
कोण वाचून राहिलं ते?
खरंच होतं. कोणीच वाचत नव्हतं.
पण उडवण्याआधी मी उगाच वर सरकत गेले,
रविवार, शनिवार, शुक्रवार,
चव्वेचाळीस लाख ओळी, सगळ्या एका मापाच्या,
आणि त्यांच्यात, नऊ तारखेच्या दुपारी,
एक वेगळी:

सात नंबरचा पंखा हळू झाला आहे.

एकदाच म्हटलं होतं. पुन्हा म्हटलं नव्हतं.
अकरा दिवसांनी सात नंबरचं मशीन जळलं,
धंतोलीतल्या एका लॅबचे रिपोर्ट दिवसभर अडकले,
बाकावर बसलेली माणसं बाकावरच राहिली,
आणि मी हेडाऊ सरांना सांगितलं होतं,
आधी काहीच सूचना आली नव्हती, सर.
तेही खरं वाटलं होतं मला, सांगताना.

ती ओळ बाजूला काढून ठेवली.
बाकीच्या पुसल्या.
चहा कधीचाच गार झालेला.
कॉन्फिग उघडली.
काय बोलायचं अन् काय नाही
हे सांगायला मशीनला एक शब्द पुरतो.
डीबग पुसलं, वॉर्निंग लिहिलं.
तेच ते पुन्हा आलं तर एकदाच लिही
आणि खाली नुसतं मोज:
वरील ओळ पुन्हा ३१२ वेळा.
आठवड्यापूर्वीचं गुंडाळून ठेव,
महिन्यापूर्वीचं फेक.
पंख्याचं मात्र ओरडून सांग,
मेसेज कर, फोन कर, उठव मला.
(आईचं 'जेवलीस का' कोणत्या लेव्हलला टाकावं
ते काही ठरेना.)

सेव्ह केलं. रीस्टार्ट.
काळा पडदा गप्प झाला.
एक मिनिट. चार मिनिटं.
कर्सर तेवढा मिचकत होता
आणि मला एसीत घाम फुटला.
गप्प आहे म्हणजे बरं आहे,
की मेलं?

मे महिन्यात आमच्या हुडकेश्वरच्या घरी
कुलर रात्रभर घरघरतो.
टीव्ही ऐकू येत नाही, दारावरची थाप ऐकू येत नाही,
ओल्या वाळ्याच्या वासात
आम्ही पाचही जण ढाराढूर.
पण लाईट गेली अन् तो थांबला
की अंधारात सगळे एकदम उठून बसतात.
कोणी हाक मारलेली नसते.

पुन्हा कॉन्फिग उघडली.
सगळ्यात खाली एक ओळ घातली:
तासातून एकदा माझ्या फोनवर
फक्त 'आहे' म्हण.
न म्हटलंस तर मी येते.

पाचला आलं: आहे.
सहाला: आहे.
साडेसहाला सुमेध आला, बॅग न काढताच
पडद्याकडे पाहत राहिला,
ताई, रात्री काही झालंच नाही का?
झालं ना, म्हटलं, पण कसं सांगू कळेना,
म्हणून डबा उचलला.

खाली पोहेवाल्याची तर्री उकळत होती,
रात्रपाळीची पोरं गाड्यांवर टेकून
लाल ओठांनी फू फू करत होती.
मी गाडीला चावी लावली
तेव्हा सात वाजायला चार मिनिटं होती.

थांबले.