नव्वीची जोडी

बुधवारी साडेसातला पॉवर हाऊस चौकातून आत,
मोटर वाइंडिंगच्या दुकानावर दुसरा मजला.
जिन्यात आधी वार्निशचा वास, मग कांद्याचा,
मग रूबेन चेऊलकर, कोटाची बटणं मोजून देताना:
पांढरं एक रुपया, काळं पाच,
पितळेचं एकच आहे, ते कुणी लावायचं नाही.

पत्ते तीन. दोन पालथे, एक उघडा.
सात होईपर्यंत डाव चालतो, पण रूबेन म्हणतो,
खेळ इथंच संपतो, पुढं नुसती वसुली.
आणि डावाचे दोन वाटे:
अर्धा चढत्या हाताला, अर्धा उतरत्याला,
तोही अठ्ठीच्या आत बसत असेल तर.

मागच्या बुधवारी मला नव्वी, नव्वी. वर उघडी राणी.
समोर शालन सिस्टरचा एक्का,
तांबोळींची पंजी, कुंजीरची चौकी.
वरच्या रांगेत बुटकी, खालच्या रांगेत ताडमाड,
ही जोडी फोटोत उभी कुठं करायची?
‘विचार करतोयस ना? म्हणजे पॅक,’ रूबेन म्हणाला.
मी काळं बटण पुढं सरकवलं.

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
मी गेज घेऊन बसलो. त्याला दोन तोंडं:
एक आत जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये.
गेलं, की लाल ठिपका. पुढचं.
केसाच्या फरकावर पेट्याच्या पेट्या परत धाडल्या,
फोरमन बोंबलला, मी डबा खाल्ला, शांत झोपलो.
तो माल माझा नव्हता.
ह्या नव्व्या माझ्या. पाच जणांत मलाच आल्या.
दारात आलेल्याला पाणीही न विचारता
मागं कसं लावू?

सातव्या पत्त्यावर शालननं एक्का ते पंजी
ओळीनं मांडली,
तीच चढती, तीच उतरती,
दोन्ही वाटे ओंजळीत घेऊन गेली.
माझ्याकडे नव्व्या होत्या, शिवाय राण्याही. सव्वीस रुपये.
आतून दीनाबाई मालिका थांबवून विचारतात,
कोण हरलं रे?

आज मी शालनकडे बघत बसलो.
पत्ते येतात, ती कोपरा उचलते, टाकते,
एक शेंग फोडते.
राजांची जोडी टाकली, कारण मागून एक्का बोलला.
दश्शी, गुलाम, राणी टाकली, हसलीसुद्धा.
अकरा डावांची टरफलं बशीत. बाराव्याला
तिनं शेंग बाजूला ठेवली,
तेव्हाच कुंजीरनं पळायला हवं होतं.
पण कुंजीर कंत्राटदार,
अर्ध्यासाठी पूर्ण भरायची त्याला सवय आहे.

मग मला तिर्री, चौकी, सत्ती.
खालच्या दाराला अगदी बेताची, देखणी.
बोटं बटणांवर गेली आणि मी पहिल्यांदा
स्वतःचे सोडून इतरांचे पत्ते वाचले:
पंजी. पंजी. छक्की. आणि एक्का, बोली वाढवणारा.
मला हवं ते सगळं
दुसऱ्यांच्या पुढ्यात पसरलेलं.

‘पॅक,’ मी म्हणालो. आवाज जरा चिरकला.
रूबेननं चष्मा वर केला, काही बोलला नाही.
शालननं एक शेंग माझ्याकडे ढकलली.
पुढचा पत्ता कुठला आला असता, हे विचारायचं नाही,
हा इथला नियम, म्हणून मी
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं,
सगळ्या तारखा वाचून काढल्या.

साडेदहाला हिशेब. चाळीसातली सतरा बटणं गेली,
सगळी डावाच्या सुरुवातीला भरलेली,
एकही हट्टापायी नाही.
तांबोळी म्हणाले, आज तुम्ही खेळलातच कुठं?

स्कूटरवर संगम पुलाचा वारा लागला.
डोक्यात अजून वाटप चालू:
ही टाकावी, ही ठेवावी, ही टाकावी.
पलीकडच्या सिग्नलला उभा राहिलो तेव्हा
उगाच मागच्या बुधवारची ती राणी आठवली.
तिच्या जागी उघडी नव्वी असती तर?
तिसरी नव्वी.
मागच्यानं हॉर्न दिला. हिरवा कधीच लागला होता.