वरून उघडं राहिलेलं आठ

पीटरहेडच्या मासळीबाजारात
सकाळी सातला समर्सनं हॅडॉकच्या आठ पेट्या घेतल्या
आणि साडेसातला त्याचा माणूस धक्क्यावर
उरलेल्या चार शोधत फिरत होता.

पेट्या चारच होत्या.
पडद्यावरही चारच लिहिलं होतं.
फक्त ते आमच्यातलं चार होतं, ४,
आणि डोरीन डथी, एकतीस वर्षं याच काउंटरवर,
चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
हे तर वरून उघडं राहिलेलं आठ आहे.

चूक माझी.
शुक्रवारी डबा खाता खाता मी
ऑफिसच्या ब्राउझरला एक ॲड-ऑन जोडलं,
मराठी टाइप करायचं, फुकट,
हर्णैच्या आत्याला लिहायचं म्हणून.
तिला माझं रोमनमधलं मराठी वाचवत नाही,
म्हणते, काटे न काढताच वाढलंस गं.
एकच ओळ झाली होती:
आत्या, इथं म्हावरं ओरडून विकत नाहीत.
मग फोन वाजला, पत्र तिथंच राहिलं.

जोडताना त्यानं काहीतरी विचारलं होतं.
मी हो म्हटलं. सगळेच म्हणतात.

आता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर
कॉड ६७ किलो, हॅलिबट १९,
खाली खरेदीदार कॉफीचे कप धरून गप्प.
कप्तान बुकननं हळूच विचारलं, रशियन का?
दोन आणि तीन आमचेच आहेत, डोरीन म्हणाली,
जरा वाऱ्यात वाकलेले.
शून्य तेवढं कुणालाच खटकलं नाही.

ॲड-ऑन काढलं.
पाहुणा गेला, सदरा खुंटीला तसाच.
ब्राउझर बंद, चालू. ४.
साठलेलं सगळं पुसलं, त्यात पासवर्डही गेले,
डोरीननं ते तोंडपाठ सांगितले,
तिच्या मांजरांची नावं, मेलेल्यांसकट.
पुन्हा ४.
अबर्डीनच्या मदतकेंद्रात आमचा चौदावा नंबर
आणि कानात न संपणारी बासरी.
खाली बर्फ वितळत होता.

शेवटी सेटिंगच्या तिसऱ्या दारामागे सापडलं:
भाषा, पसंतीच्या क्रमानं.
पहिली मराठी.
दुसरी इंग्रजी, ब्रिटनची. तिसरी इंग्रजी, नुसती.
लिलावाचा प्रोग्रॅम बिचारा आज्ञाधारक,
पहिली ओळ वाचून त्या भाषेत मोजत सुटला होता.

मला क्षणभर कुणीतरी
माझाच खिसा उलटा करून टेबलावर ठेवल्यासारखं झालं.
अकरा वर्षं झाली इथं,
पेट्या मी अजून मनात मराठीतच मोजते,
आकडा ओठांपर्यंत येईतो इंग्रजी होतो,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तीन टिंबांवर क्लिक केलं.
वर सरकवा. खाली सरकवा. काढून टाका.
डोरीन खांद्यावरून वाकून बघत होती,
तिच्या कोटाला डिझेलचा वास.
मी खाली सरकवलं. आणखी एकदा खाली.
पडदा पांढरा झाला, थांबला,
मग 4.

समर्सला चार पेट्यांचे पैसे परत.
तो हसला नाही, रागावलाही नाही,
पुढच्या वेळी उघड्या तोंडाचे आकडे नकोत म्हणाला.
मी कानाला खडा लावला.

दुपारी डोरीननं एका ओल्या चिठ्ठीवर
पेननं ४ काढून दाखवलं.
गाठ उलटी बसली होती.
बरोबर आहे, मी म्हटलं.

रात्री घरी, कागदावर, हातानं.
पोस्टाला तीन आठवडे लागतील, लागू देत.
आत्या, इथं म्हावरं ओरडून विकत नाहीत,
पण आज पाऊण तास आपल्या आकड्यांत विकलं.
भाव दुप्पट लागला.
मग परत द्यावा लागला.